मॉडेल रेल्वेच्या पॉइंटवर शॉर्ट होते? रूळ उखडण्याआधी या चुका तपासा

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर सरळ रुळात शॉर्टसर्किट क्वचित होते. ते होते पॉइंटवर, म्हणजे एका मार्गाचे दोन मार्ग जिथे होतात त्या जागी. दोन रुळांच्या पद्धतीत एका रुळाला धन आणि दुसऱ्याला ऋण पुरवठा असतो, गाडीची धातूची चाके तो दोन्हीकडून उचलतात आणि मोटर फिरते. सरळ मार्गावर हे दोन रूळ एकमेकांना कधीच भेटत नाहीत. पॉइंटमध्ये मात्र मुख्य मार्गाचा एक रूळ आणि वळणमार्गाचा विरुद्ध ध्रुवाचा रूळ एकमेकांना छेदतात. जिथे छेदतात तो टोकदार तुकडा म्हणजे फ्रॉग. गाडी सरळ जाते तेव्हा त्याने एका ध्रुवाच्या रुळाचे काम करायचे आणि गाडी वळते तेव्हा दुसऱ्या ध्रुवाच्या, अशी त्याची दुहेरी चाकरी असते.

ही चाकरी सांभाळण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही पॉइंटमध्ये फ्रॉग प्लॅस्टिकचा असतो आणि त्यात वीज खेळतच नाही. मॉडेल रूळ बनवणारी पेको कंपनी त्याला इन्सुलफ्रॉग म्हणते. दुसऱ्या प्रकारात फ्रॉग धातूचा असून पॉइंट ज्या बाजूला लावलेला असेल त्यानुसार त्याचा ध्रुव बदलतो, तो इलेक्ट्रोफ्रॉग. त्याच कंपनीच्या नंतरच्या युनिफ्रॉगमध्ये धातूचा छोटा फ्रॉग इतर रुळांपासून मुळातच विलग ठेवलेला असतो आणि हवी असल्यास त्याला स्वतंत्र वायर जोडता येते. आपल्या हातात यांपैकी कोणता प्रकार आहे हे पाकिटावर वाचून ठेवावे, कारण एका प्रकाराचा उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

पॉइंट स्वतः बिघडल्यामुळे होणारे शॉर्ट अगदी थोडे असते. बहुतेक वेळा दोष त्याच्या पलीकडच्या फटीत, त्याच्यावरून जाणाऱ्या चाकात किंवा फळीखालच्या वायरीत असतो, आणि उखडला जातो तो मात्र पॉइंट. मराठवाड्यात हे अधिक महागात पडते, कारण स्थानिक बाजारात असे पॉइंट सहसा मिळत नाहीत, ते बाहेरून मागवावे लागतात, आणि खडीत चिकटवलेला पॉइंट काढताना त्याचे पाते (मार्ग बदलताना सरकणारा रुळाचा निमुळता भाग) वाकले तर तो पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही.

शॉर्ट केव्हा होते, हे न पाहणे

पकड आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्यापूर्वी एकच गोष्ट पाहायची: शॉर्ट नेमके केव्हा होते. सर्व गाड्या रुळावरून उचलून ठेवाव्यात आणि पुरवठा चालू करावा. गाडी नसतानाही, पॉइंट कोणत्याही बाजूला असला तरी शॉर्ट असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. बहुधा कुठल्या तरी फीडरच्या, म्हणजे रुळाला पुरवठा देणाऱ्या जोडणीच्या, लाल आणि काळ्या वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत किंवा सोल्डरचा थेंब दोन रुळांना चिकटला आहे. गाडी नसताना, पण पॉइंट एका विशिष्ट बाजूला केल्यावरच शॉर्ट होत असेल, तर फ्रॉगच्या पलीकडे जिथे फट हवी तिथे ती नाही, किंवा फ्रॉगचा ध्रुव बदलणारा स्विच पात्यांबरोबर बदललेला नाही. गाडीविना सारे ठीक आणि प्रत्येक गाडी त्याच जागी अडत असेल, तर पॉइंटवरच्या त्या चार-पाच मिलिमीटरमध्ये काहीतरी आहे. आणि बाकी सगळ्या गाड्या सुरळीत जाऊन एकच इंजिन किंवा एकच डबा शॉर्ट करत असेल, तर पॉइंटला हात लावण्याचे काहीच कारण नाही; दोष त्या वाहनाच्या चाकांत आहे.

गाडी पॉइंटवर थांबली म्हणजे शॉर्टच झाले असेही समजू नये. प्लॅस्टिकच्या फ्रॉगवरून लहान चाकांचे इंजिन हळू नेले तर ते पुरवठा न मिळाल्यामुळे थांबते. पात्याचा बाहेरच्या रुळाशी होणारा स्पर्श धुळीने बिघडला तरीही थांबते. या दोन्ही वेळी कंट्रोलरचा दिवा तसाच राहतो आणि लेआउटवरची इतर इंजिने चालत राहतात. शॉर्टमध्ये कंट्रोलर स्वतः पुरवठा तोडतो किंवा त्याचा ओव्हरलोडचा दिवा लागतो. पुरवठा मिळत नसेल तर वायर जोडावी लागते आणि शॉर्ट असेल तर कुठेतरी वायर किंवा रूळ तोडावा लागतो. दोन्ही उपाय एकमेकांच्या उलट असल्यामुळे निदान चुकले की दुरुस्तीने बिघाड वाढतो.

गाडी घसरली की चाके आडवी होऊन शॉर्ट होणारच. म्हणून आधी घसरली की आधी शॉर्ट झाले, हे गाडी अगदी सावकाश नेऊन डोळ्यांनी पाहावे. मोबाइलवर मंद गतीचे चित्रीकरण केले तर फ्रॉगवर उडणारी ठिणगीसुद्धा दिसते आणि जागा मिलिमीटरपर्यंत पक्की होते.

फ्रॉगच्या पलीकडून पुरवठा देणे

इलेक्ट्रोफ्रॉग वापरणाऱ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे आणि ती नीट समजली तर निम्मे शॉर्ट होण्याआधीच टळते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू.

परभणी मार्गावरच्या मानवत रोडसारख्या स्थानकाचा साधा नमुना घ्या. डावीकडे सेलू, उजवीकडे परभणी, पुढे मुख्य मार्ग आणि त्याच्या मागे एक लूप, म्हणजे समांतर बाजूमार्ग, दोन्ही टोकांना एकेक पॉइंट. मुख्य मार्गाच्या मागच्या रुळाला लाल आणि पुढच्या रुळाला काळी वायर जोडली आहे. लूप मागच्या बाजूला असल्यामुळे लूपचा पुढचा रूळ आणि मुख्य मार्गाचा मागचा रूळ हे फ्रॉगवर भेटतात. सेलूकडचा पॉइंट मुख्य मार्गावर असताना त्याचा फ्रॉग लाल असतो. तो लूपकडे केला की फ्रॉग काळा होतो. परभणीकडच्या पॉइंटचेही तसेच. आता लूपचा पुढचा रूळ एका टोकाला सेलूकडच्या फ्रॉगला आणि दुसऱ्या टोकाला परभणीकडच्या फ्रॉगला जोडलेला आहे. दोन्ही पॉइंट मुख्य मार्गावर असतील तर तो दोन्हीकडून लाल राहतो आणि काहीच बिघडत नाही. मात्र गाडी लूपमध्ये घेण्यासाठी फक्त सेलूकडचा पॉइंट बदलला की त्याच एका रुळाला एका टोकाने काळा आणि दुसऱ्या टोकाने लाल पुरवठा मिळतो. गाडी अजून आलेलीसुद्धा नसते आणि सारा लेआउट बंद पडलेला असतो.

फ्रॉगला जोडलेल्या दुसऱ्या रुळाची, म्हणजे मुख्य मार्गाच्या मागच्या रुळाची, गतही अशीच आहे. पॉइंट लूपकडे केला की फ्रॉगमधून त्या रुळाला काळा पुरवठा येतो आणि फीडरमधून लाल. म्हणून नियम असा की इलेक्ट्रोफ्रॉगच्या फ्रॉगमधून बाहेर पडणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांवर प्लॅस्टिकचे जॉइनर (दोन रुळांची टोके जोडणारे तुकडे) लावावेत, किंवा रूळ कापून फट ठेवावी, आणि फटीच्या पलीकडच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र फीडर द्यावा. बाहेरच्या दोन रुळांना फटीची गरज नाही.

एकाच टोकाने जोडलेल्या साइडिंगला पॉइंटच्या पात्यांकडूनच पुरवठा मिळत असेल आणि पुढे दुसरा फीडर नसेल, तर फटीवाचून चालते, आणि अनेक जुन्या डीसी (रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून गाडी चालवणाऱ्या) लेआउटवर तसेच चालवले जाते. साइडिंगमध्ये उभे केलेले इंजिन आपोआप बंद राहते, हा त्याचा फायदा. अडचण पुढे येते. त्या साइडिंगच्या टोकाला सिग्नलचा किंवा डब्यातल्या दिव्यांचा पुरवठा हवा म्हणून कोणीतरी एक जादा फीडर जोडतो आणि वर्षानुवर्षे चाललेला पॉइंट अचानक शॉर्ट करू लागतो. बिघाड सुरू होण्याआधी लेआउटवर शेवटचे काय जोडले, हे आठवून पाहिले तर तासन्तास वाचतात. फळीखाली प्रत्येक वायरीवर तारखेसह कागदी चिठ्ठी चिकटवण्याची सवय काहींना हास्यास्पद वाटते; ती अजिबात हास्यास्पद नाही.

इंजिन फिरवण्यासाठी त्रिकोण किंवा वळसा घेऊन गाडी त्याच मार्गावर परत आणणारे रिव्हर्स लूप केले असेल, तर पॉइंट कोणत्याही प्रकारचा असला तरी शॉर्ट होणारच, कारण लाल रूळ फिरून काळ्या रुळाला येऊन मिळतो. तिथे दोन्ही रुळांत, दोन्ही टोकांना फटी ठेवून मधला भाग वेगळा करावा लागतो, तो धातूच्या चाकांच्या सर्वांत लांब गाडीपेक्षा लांब असावा लागतो, आणि त्याचा ध्रुव डीसीमध्ये दुहेरी स्विचने किंवा डीसीसीमध्ये (प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देणाऱ्या पद्धतीत) ऑटो रिव्हर्सरने बदलावा लागतो.

थंडीत कापलेली फट उन्हाळ्यात तशीच राहील असे मानणे

परदेशी पुस्तकांत ही चूक ओझरती येते. मराठवाड्यात तिला पहिल्या रांगेत बसवायला हवे. लेआउट बहुधा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत असतो, कारण घरात तेवढी मोकळी जागा तिथेच असते. परभणी-नांदेडकडे डिसेंबरच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो आणि मे महिन्यात दुपारी तो चाळिशीच्या बराच वर जातो. पत्र्याखाली त्याहूनही वर. निकेल सिल्व्हरचा एक मीटर लांबीचा रूळ तीस अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो, म्हणजे दोन मीटरचा अखंड सोल्डर केलेला रूळ जवळपास एक मिलिमीटर. त्याच वेळी कोरड्या हवेत फळीखालची लाकडी चौकट आकसते. रूळ वाढतो, त्याखालचे लाकूड आकसते आणि डिसेंबरमध्ये पातळ करवतीने कापलेली अर्ध्या मिलिमीटरची फट मे महिन्यात पूर्ण मिटते. सकाळी व्यवस्थित चाललेला पॉइंट दुपारी शॉर्ट करतो आणि रात्री पुन्हा सुधारतो, असे होऊ लागले की वायरिंग शोधत बसू नये, आधी फटींवर भिंग धरावे.

फट नुसती रुंद ठेवून भागत नाही, कारण चाके तिच्यात आपटतात आणि रूळ सरकला तर ती तरीही मिटते. फटीत प्लॅस्टिकचा तुकडा बसवणे हा टिकाऊ उपाय आहे. सिम कार्ड काढून घेतल्यावर उरणारी प्लॅस्टिकची चौकट पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असते. तिचा बारीक तुकडा फटीत बसवून फेविक्विकचा एक थेंब द्यावा आणि वाळल्यावर कानशीने घासून रुळाचाच आकार द्यावा. प्लॅस्टिकचे जॉइनर वापरत असाल तर त्याच्या मधोमध असलेली पातळ भिंत दोन्ही रुळांच्या टोकांमध्ये दिसते आहे ना, हे पाहावे; जोराने रूळ ढकलल्यास ती चिरडून आत धातूला धातू लागतो आणि बाहेरून जॉइनर मात्र शाबूत दिसतो. याखेरीज लांब मार्गावर सगळेच जोड सोल्डर करू नयेत. काही जोड मोकळे ठेवावेत, त्या प्रत्येक तुकड्याला फीडर द्यावा, आणि वाढणाऱ्या रुळाला पॉइंटकडे ढकलण्याखेरीज दुसरी वाट ठेवावी.

चाकांमधले अंतर न मोजणे

एकच इंजिन किंवा एकच डबा शॉर्ट करत असेल तर डिजिटल कॅलिपरने चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजावे. १६.५ मिलिमीटर गेजच्या (रुळांमधल्या अंतराच्या) एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, मार्गावर ते १४.४ ते १४.५ मिलिमीटरच्या आसपास हवे. ते कमी असेल तर चाकाची पाठ उघड्या पात्याला घासते. साध्या इलेक्ट्रोफ्रॉगमध्ये दोन्ही पाती फ्रॉगच्या ध्रुवाची असतात आणि उघडे पाते शेजारच्या बाहेरच्या रुळाच्या विरुद्ध ध्रुवाचे. त्यामुळे चाक एका बाजूने बाहेरच्या रुळावर टेकलेले असताना त्याची पाठ पात्याला लागली की ते चाकच दोन ध्रुवांना जोडणारी वायर बनते. अंतर जास्त असेल तर चाकाची कड फ्रॉगच्या टोकावर आपटते आणि गाडी घसरते.

प्लॅस्टिकच्या आसावरचे चाक किंचित पिळत ओढले किंवा दाबले तर अंतर सुधारते. धातूच्या आसावर एका बाजूचे चाक विलगक बाहीत बसवलेले असते; तिथे जोर लावताना ती बाही फुटू देऊ नये, कारण मग ते इंजिन पॉइंटवरच काय, सरळ रुळावरही शॉर्ट करेल. डब्ल्यूडीएम-२ किंवा मीटरगेजचे वायडीएम-४ या डिझेल इंजिनांसारख्या तीन आसांच्या बोगींमध्ये मधला आस वळणावर बाजूला सरकतो, आणि अरुंद त्रिज्येच्या पॉइंटवर नेमके त्याचेच चाक पात्याला लागते. अशा वेळी चाकांची मापे बरोबर असूनही शॉर्ट होऊ शकते.

यावरचा पक्का उपाय पात्यांचा ध्रुव बदलण्यात आहे. दोन्ही पाती त्यांच्या त्यांच्या शेजारच्या बाहेरच्या रुळाला कायमची जोडावीत, पाती आणि फ्रॉग यांच्यामध्ये रूळ कापून फट करावी, पॉइंटच्या पोटाखालचे जोड काढून टाकावेत आणि फ्रॉगला स्विचमधून स्वतंत्र पुरवठा द्यावा. मग चाकाची पाठ पात्याला लागली तरी दोन्हीकडे एकच ध्रुव असतो आणि काहीही होत नाही. मात्र हे काम पॉइंट बसवण्यापूर्वी टेबलावर करायचे असते. बसवलेल्या पॉइंटवर ते करण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी निदान एक जादा पॉइंट हाताशी ठेवावा.

इन्सुलफ्रॉगमध्ये चाकांचा त्रास वेगळ्या जागी होतो. प्लॅस्टिकचे टोक संपून जिथे विरुद्ध ध्रुवाचे दोन रूळ सुरू होतात, तिथे ते एकमेकांच्या इतके जवळ असतात की रुंद चाक एकाच वेळी दोघांवर टेकते. डीसीवर याने दिवा लुकलुकण्यापलीकडे काही जाणवत नाही. डीसीसीवर सगळे बंद पडते. त्या जागी दोन्ही रुळांच्या डोक्यावर चार-पाच मिलिमीटर लांबीपर्यंत पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात दिला की शॉर्ट थांबते. हा थर काही महिन्यांत झिजतो, पण तो चाचणी म्हणूनही उत्तम आहे: नेलपॉलिश लावल्यावर शॉर्ट थांबले तर दोष तिथेच होता हे सिद्ध होते, आणि मग सवडीने त्या रुळात फट कापून ती प्लॅस्टिकने भरता येते.

फ्रॉगचा स्विच पात्यांपासून वेगळा ठेवणे

फ्रॉगचा ध्रुव बदलणारा स्विच पात्यांबरोबरच हलला पाहिजे. मायक्रोस्विच पाती जोडणाऱ्या पट्टीलाच टेकवलेला असला, किंवा पॉइंट हलवणाऱ्या टॉर्टॉइजसारख्या मोटरमध्ये अंगचे संपर्क असले, तर हे आपोआप साधते. काही जण खर्च वाचवण्यासाठी नियंत्रणफलकावर वेगळा टॉगल ठेवतात. पॉइंट हाताने बदलला आणि टॉगल बदलायचे राहून गेले की शॉर्ट. दुसरे काही जण साधा रिले (विजेने हलणारा स्विच) वापरतात आणि त्यात आपल्याकडच्या विजेचा घोळ मिसळतो. वीज गेली की साधा रिले आपल्या विश्रांतीच्या स्थितीत परत येतो, पॉइंटची पाती मात्र होती तिथेच राहतात. वीज परत आल्यावर रिलेचे नियंत्रण त्याला पुन्हा योग्य स्थितीत नेईपर्यंत फ्रॉग उलट्या ध्रुवाचा असतो, आणि त्याच्यावर इंजिन उभे असेल तर कंट्रोलर चालूच होत नाही. भारनियमनाच्या दिवसांत वीज आल्या आल्या होणारे शॉर्ट या प्रकारचे आहे का, हे पाहण्यासाठी फ्रॉगची वायर काढून पुरवठा द्यावा. शॉर्ट गेले तर रिलेच्या जागी मायक्रोस्विच बसवावा. सर्व्होवर चालणारे पॉइंटही वीज आल्यावर क्षणभर थरथरतात. त्यांनाही हीच काळजी लागू आहे.

स्विचच्या दोन टोकांच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील तर पॉइंट कोणत्याही बाजूला असला तरी फ्रॉग चुकीच्या ध्रुवाचा राहतो. तिथे फक्त त्या दोन वायरींची अदलाबदल करायची असते.

हाताने केलेल्या पॉइंटमधले स्लीपर

पूर्णा जंक्शनचे मीटरगेज काळातले यार्ड उभे करायचे म्हटले तर एचओ प्रमाणात बारा मिलिमीटर गेजचे रूळ लागतात, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मिलिमीटर मार्गावरचे जुने लातूर स्थानक करायचे तर नऊ मिलिमीटरचे. मनाजोगे तयार पॉइंट मिळत नाहीत म्हणून बरेच जण ते हाताने करतात: तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या, म्हणजे सर्किट बोर्डाच्या, पट्ट्या कापून त्यांचे स्लीपर करायचे आणि त्यांवर रूळ सोल्डर करायचे. इथे प्रत्येक स्लीपर दोन रुळांना जोडणारा धातूचा पूल असतो, तोवर जोवर त्यावरचा तांब्याचा थर मधोमध खरवडून तोडलेला नाही. फ्रॉगखालच्या लांब स्लीपरवर असे एकाहून अधिक छेद लागतात, कारण तिथे चार रूळ जवळजवळ येतात. पीसीबी दोन्ही बाजूंनी तांब्याची असेल तर वरचा छेद देऊन खालच्या थराकडे दुर्लक्ष होते, आणि फीडरसाठी पाडलेल्या भोकातून सोल्डर खाली उतरला की तो खालचा थर वरच्या दोन्ही बाजूंना जोडतो. एकाच बाजूला तांबे असलेला बोर्ड घ्यावा आणि रूळ ठेवण्यापूर्वी प्रत्येक स्लीपर मल्टिमीटरने तपासावा. पन्नास स्लीपर झाल्यावर एकदम तपासले तर दोष सापडतो, पण कोणत्या स्लीपरमध्ये आहे ते सापडत नाही.

खडी, गोंद आणि धूळ

मराठवाड्यातला दगड बसाल्टचा, त्यामुळे क्रशरवरून आणलेली बारीक कच चाळून खडी म्हणून वापरली तर ती खऱ्या मार्गासारखीच काळसर दिसते आणि फुकट पडते. पण या दगडात चुंबकाला चिकटणारे कण असतात. त्यांनी थेट शॉर्ट होण्यापेक्षा ते मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटण्याची आणि दातेरी चाकांत अडकण्याची भीती अधिक असते; चाळलेल्या कचीवरून कागदात गुंडाळलेला चुंबक दोन-तीनदा फिरवला की बरेच काम होते. रूळ साफ करण्यासाठी स्टीलच्या तारेचा काथ्या मात्र वापरूच नये. त्याचे केसासारखे तुकडे फटींमध्ये आणि फ्रॉगच्या कोपऱ्यात बसतात, आणि ते खरोखर शॉर्ट करतात. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरते.

पाण्यात कालवलेला फेविकॉल खडीवर टाकल्यावर लगेच पुरवठा देऊ नये. ओला गोंद थोडीफार वीज वाहून नेतो आणि बोअरचे जड पाणी वापरले असेल तर अधिकच. मल्टिमीटरवर विचित्र आकडे दिसतात आणि नसलेला दोष शोधण्यात संध्याकाळ जाते. पूर्ण वाळू द्यावे, मगच तपासावे. पात्यांच्या आणि त्यांना जोडणाऱ्या पट्टीच्या आसपास गोंद जाऊ देऊ नये, हे वेगळे सांगायला नको. माळवदाच्या घरात छतातून गळणारी माती आणि उन्हाळ्यात दाराच्या फटीतून येणारी काळी धूळ यांनी शॉर्ट होत नाही, पण पाती बाहेरच्या रुळाला नीट टेकेनाशी होतात, गाडी घसरते आणि मग शॉर्ट होते. काम नसेल तेव्हा लेआउटवर जुनी चादर टाकलेली बरी.

मल्टिमीटरवर अर्धवट विश्वास

मल्टिमीटरचा बझर वाजला म्हणजे शॉर्ट आहे, असा निष्कर्ष घाईचा असतो. रुळावर इंजिन उभे असेल तर त्याची मोटर, दिव्यांचा डबा असेल तर त्याचा दिवा, आणि कंट्रोलर जोडलेला असेल तर त्याचे आतले सर्किट मीटरला कमी रोधाचेच दिसते. बझर कित्येक ओहमपर्यंतच्या रोधालाही वाजतो. म्हणून रुळावरून सगळी वाहने काढावीत, कंट्रोलरच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि मग बझरऐवजी ओहमचा आकडा पाहावा. खऱ्या शॉर्टमध्ये तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याखाली येतो. मीटर जोडलेले ठेवून पॉइंट एकेक करून बदलत जावे. ज्या पॉइंटवर आकडा एकदम घसरतो तिथे शोध सुरू करावा. लेआउट मोठा असेल तर मधोमध फीडर सोडवून कोणत्या अर्ध्या भागात शॉर्ट आहे ते पाहावे, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत.

हे सारे काम रुळाच्या बाजूचे, म्हणजे बारा-पंधरा व्होल्टचे आहे. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू उघडून त्यात शोध घेऊ नये.

डीसीवरून डीसीसीवर जाताना

डीसीवर वर्षानुवर्षे सुरळीत चाललेला लेआउट डीसीसी जोडताच पॉइंटवर शॉर्ट करू लागतो आणि दोष नव्या यंत्रणेला दिला जातो. प्रत्यक्षात शॉर्ट आधीही होत असते. डीसी कंट्रोलर त्या क्षणार्धाकडे दुर्लक्ष करतो आणि डीसीसीचा बूस्टर (रुळांना पुरवठा देणारे उपकरण) काही मिलिसेकंदांत पुरवठा तोडतो. पुरवठा तुटला की सगळ्याच गाड्या थांबतात, त्यामुळे लातूरच्या बाजूला झालेल्या चुकीची शिक्षा नांदेडच्या यार्डालाही भोगावी लागते. यासाठी लेआउटचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर देणे उत्तम. तोवर स्वस्त उपाय म्हणून प्रत्येक भागाच्या एका वायरीत चारचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब लावता येतो; तो कोणत्याही ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतो. एरवी त्याचा रोध कमी असल्यामुळे एखाद-दुसऱ्या इंजिनाला तो जाणवत नाही. शॉर्ट झाले की तो पेटतो, त्या भागातला प्रवाह दोन अँपिअरच्या आसपास रोखून धरतो आणि बाकीचे भाग चालू राहतात. कोणता बल्ब पेटला यावरून दोष कुठे आहे तेही कळते. बल्ब खूप तापतो, म्हणून तो प्लायवूडपासून दूर, पत्र्याच्या तुकड्यावर बसवावा.

ब्रेकर वेळेवर तुटतो, म्हणजे पुरवठा तोडतो, की नाही, हेही तपासावे लागते. पाच अँपिअर आणि पंधरा व्होल्ट म्हणजे ७५ वॉट. एवढी उष्णता एका चाकाखाली साठली तर प्लॅस्टिकचे स्लीपर आणि बोगीची चौकट वितळते. निकेल सिल्व्हरचा रोध तांब्यापेक्षा पंधरा पटींहून अधिक असतो, म्हणून फीडरपासून दूरच्या पॉइंटवर झालेले शॉर्ट रुळाच्याच रोधामुळे ब्रेकरला शॉर्टसारखे वाटत नाही आणि तो तुटतच नाही. एक नाणे घेऊन प्रत्येक पॉइंटच्या तिन्ही टोकांना दोन्ही रुळांवर आडवे ठेवावे. ब्रेकर लगेच तुटला तर तो भाग ठीक आहे. नाणे तापू लागले आणि ब्रेकर तसाच राहिला तर ते ताबडतोब उचलावे, त्या टोकापाशी नवा फीडर जोडावा, फळीखालची मुख्य वायर बारीक असेल तर तिच्या जागी घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकावी आणि नाणे पुन्हा त्याच जागी ठेवून पाहावे.